रिकाम्या जागेवर टाकलेला चेंडू

समजा तुमची मैत्रीण मैदानावर जिवाच्या आकांतानं धावतेय आणि तुम्हाला तिच्याकडे चेंडू फेकायचा आहे. कुठे फेकाल? "तिच्याकडे, अजून कुठे!" असं पटकन तोंडात येईल. पण तसा फेकलात तर चेंडू तिथे पोचेपर्यंत ती पुढे निघून गेलेली असेल आणि चेंडू तिच्या मागे कुठेतरी टप्पा खात पडेल. तो फेकायचा जिथे या क्षणी कुणीही नाही, नुसतं गवत आहे, अशा जागी. ती आणि चेंडू, दोघं एकाच वेळी तिथे पोचले की जमलं!

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात केस कीनम नावाच्या एका मुलानं हेच काम कॉलेजात असताना इतक्या वेळा आणि इतकं नेमकं केलं, की त्याचा विक्रम बघून मोठमोठे खेळाडू तोंडात बोट घालतात. त्याची गोष्ट सांगतो. पण त्याआधी त्याचा खेळ थोडासा समजून घेऊ.

हा अमेरिकन फुटबॉल. यात चेंडूला लाथ क्वचितच बसते, बहुतेक काम हातांचं. मैदान शंभर यार्ड लांब, म्हणजे साधारण ९१ मीटर. दोन्ही संघांचे अकरा-अकरा खेळाडू मैदानात. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना चार प्रयत्नांत तो निदान १० यार्ड पुढे न्यायचा असतो. नेला, तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. असं करत करत मैदानाच्या टोकापलीकडे चेंडू पोचवला की टचडाऊन! या सगळ्याची सूत्रं ज्याच्या हातात असतात तो क्वार्टरबॅक. प्रत्येक प्रयत्नाच्या, म्हणजे डावाच्या, सुरुवातीला चेंडू त्याच्या हातात येतो. समोरून शंभर-सव्वाशे किलोचे धिप्पाड गडी त्याला लोळवायला धावत असतात. त्याच्याजवळ वेळ असतो जेमतेम अडीच-तीन सेकंद. तेवढ्यात कोण मोकळा आहे, कोण मोकळा होणार आहे, हे हेरून चेंडू फेकायचा. झेलणाऱ्याला म्हणतात रिसीव्हर. चेंडू जमिनीला लागला तर तो प्रयत्न वाया गेला. समोरच्यांनी झेलला तर चेंडू त्यांचा.

केस कीनम हा असा क्वार्टरबॅक. २००७ ते २०११ या काळात तो ह्यूस्टन विद्यापीठाकडून खेळला आणि त्याच्या पासमधून संघ एकूण १९,२१७ यार्ड पुढे सरकला. मीटरमध्ये मोजलं तर १७,५७२ मीटर. एव्हरेस्टवर आणखी एक एव्हरेस्ट ठेवला तर जेवढी उंची होईल, तिच्यापेक्षा हे अंतर फक्त सव्वाशे मीटरनं कमी आहे!

थांबा, इथे एक गंमत आहे. हे यार्ड कसे मोजतात माहीत आहे? डाव जिथून सुरू झाला तिथपासून रिसीव्हरला जिथे पाडलं तिथपर्यंत. म्हणजे कीनमनं चेंडू ८ यार्ड फेकला आणि झेलणारा त्यापुढे ३० यार्ड पळाला, तर कीनमच्या खात्यावर ३८ यार्ड जमा. म्हणून ही साडेसतरा किलोमीटरची वाट चेंडूनं उडत काही कापली, आणि उरलेली कितीतरी जोड्या पायांनी धावत कापली. विक्रमाच्या यादीत नाव एकट्याचं असतं, हे मला जरा अपुरं वाटतं. या लेखात म्हणूनच त्यातल्या निदान एका धावणाऱ्याला तुम्ही भेटणार आहात.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, सोपं आहे. समजा क्वार्टरबॅकनं सेकंदाला २३ मीटर वेगानं चेंडू फेकला. हा वेग म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या थोडा वर. ३० मीटरवर पोचायला त्याला साधारण १.४ सेकंद लागतील. चांगला रिसीव्हर सेकंदाला ८ मीटर पळतो. म्हणजे चेंडू हवेत असेपर्यंत तो ११ मीटर पुढे गेलेला असेल. इतकं पुढे फेकायचं! शिवाय पृथ्वी काही गप्प बसलेली नसते. चेंडू हातातून सुटल्या क्षणापासून ती त्याला खाली ओढते. १.४ सेकंदात कुठलीही वस्तू साडेनऊ मीटर खाली येते, जवळजवळ तीन मजले. म्हणून नेम समोर धरून चालत नाही, वर आभाळाकडे धरावा लागतो. तोही किती? साधारण १७ अंश. हे गणित मी हवेचा अडथळा सोडून केलंय. खऱ्या मैदानात तो असतोच, वारा असतो, अंगावर धावून येणारे गडी असतात. आणि क्वार्टरबॅकच्या हातात कागद-पेन्सिल नसते!

मग मेंदू हे करतो कसं? सरावानं. तीच फेक, तीच धाव, शेकडो वेळा. मेंदू आकडेमोड करत बसत नाही. मागच्या फेकींत काय चुकलं, चेंडू किती मागे पडला, किती पुढे, याची तो नोंद ठेवतो आणि पुढच्या खेपेला हाताला थोडं वेगळं सांगतो. तुम्हीही करून बघा. एक टेनिसचा चेंडू घ्या, कुणालातरी तुमच्यासमोरून आडवं धावायला सांगा, आणि फेका. सुरुवातीच्या फेकी हमखास मागे पडतील. तासाभरानं बघा काय होतं ते.

त्या चेंडूचीही ओळख करून घ्यायला हवी, कारण तो गोल नसतो. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगीर, लांबीला २८ सेंटिमीटर आणि वजनाला साधारण ४०० ग्रॅम. तो गाईच्या कातड्याच्या चार तुकड्यांचा शिवलेला असतो आणि एका बाजूला पांढरी जाड वीण दिसते. फार पूर्वी हा चेंडू बराच गुबगुबीत होता, आणि पुढे फेकायला परवानगीच नव्हती. फक्त काखोटीला मारून पळायचं. १९०६ साली पुढे फेकायला परवानगी मिळाली, आणि पुढे १९३० च्या दशकात चेंडू सडपातळ केला गेला. सडपातळ चेंडू मुठीत नीट बसतो. बोटं त्या पांढऱ्या विणीवर ठेवायची आणि सोडताना चेंडूला पीळ द्यायचा. मग तो स्वतःभोवती गरगर फिरत जातो, मिनिटाला सुमारे सहाशे फेरे, म्हणजे सेकंदाला दहा! अशा फेकीला स्पायरल म्हणतात. न फिरवता फेकला तर हाच चेंडू हवेत कोलांट्या खातो, हवा त्याला अडवते आणि तो भलतीकडे जाऊन पडतो.

फिरणारी वस्तू आपली दिशा सहजासहजी सोडत नाही. भोवरा आठवा. फिरत नसलेला भोवरा आरीवर क्षणभरही उभा राहत नाही, पण जाळीनं गरगरवला की तिरका झाला तरी पडत नाही, नुसतं डोकं गोल गोल डोलवत राहतो. चेंडूचंही तसंच. इथपर्यंत सगळं ठीक. पण मग एक कोडं उभं राहतं.

क्वार्टरबॅकनं चेंडू १७ अंश वर नाक करून फेकला. फिरणारी वस्तू दिशा सोडत नाही असं आपण आत्ताच म्हटलं. मग चेंडू खाली येतानाही त्याचं नाक वरच असायला हवं ना? पण सामना बघाल तर नाक हळूहळू खाली वळतं आणि चेंडू अगदी आपल्या वाटेकडे बघत बघत खाली येतो. हे कोण करतं? गुरुत्वाकर्षण म्हणाल तर ते आख्ख्या चेंडूला खाली ओढतं, नाक तेवढं वळवणं त्याला जमत नाही.

या कोड्यानं भल्याभल्यांना चकवलं. २०२० साली तीन भौतिकशास्त्रज्ञांनी, टिमथी गे, रिचर्ड प्राइस आणि विल्यम मॉस यांनी, याचं पटणारं उत्तर छापलं. ही करामत हवेची! चेंडूची वाट खाली वळायला लागली की समोरची हवा नाकाला खालून दाबते. न फिरणारा चेंडू या धक्क्यानं उलटला असता. पण फिरणारी वस्तू धक्का बसला त्या दिशेला न जाता बाजूला सरकते, भोवऱ्याच्या डोक्यासारखी. त्यामुळे चेंडूचं नाक आपल्या वाटेभोवती बारीक बारीक गोल काढत राहतं. वाट खाली वळते तसे ते गोलही खाली सरकतात, आणि नाक त्यांच्याबरोबर. चंद्रावर हवा नाही. तिथे कुणी असा चेंडू फेकला तर तो नाक वर ठेवूनच जमिनीवर उतरेल. मला तर हे वाचल्यापासून साध्या फेकीकडेही नुसतं बघत राहावंसं वाटतं.

आता आपल्या कीनमकडे येऊ. जन्म १९८८ चा, टेक्सासातल्या ब्राउनवूड गावचा. वडील फुटबॉलचे प्रशिक्षक, त्यामुळे चेंडू लहानपणापासून घरातलाच. ॲबिलिन शहरातल्या वायली हायस्कूलमध्ये तो शिकला आणि २००४ साली त्याच्या शाळेनं आपल्या गटाचं राज्य विजेतेपद जिंकलं. टेक्सासात शाळेच्या फुटबॉलला केवढी किंमत असते! शुक्रवारी संध्याकाळी गावंच्या गावं सामन्याला लोटतात. असा विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक म्हटल्यावर विद्यापीठांच्या रांगा लागल्या असतील ना? छे. वरच्या गटात तेव्हा शंभराहून जास्त विद्यापीठं होती, आणि त्यांतल्या फक्त एकानं त्याला शिष्यवृत्ती देऊ केली. ह्यूस्टननं. त्याची उंची बेताची होती आणि हातात तोफेसारखी ताकदही नव्हती. निवड करणारे लोक बहुतेकदा याच दोन गोष्टी बघतात, कारण त्या मोजता येतात. तिसरी गोष्ट, म्हणजे रिकाम्या जागेवर वेळेत चेंडू टाकण्याची हातोटी, पट्टीनं मोजता येत नाही.

ह्यूस्टनमध्ये त्याला त्याच्या हातोटीला साजेशी पद्धत मिळाली. तिचं नाव एअर रेड. हॅल ममी आणि माइक लीच या दोन प्रशिक्षकांनी आयोवातल्या एका छोट्या कॉलेजात ती घडवली होती. त्या कॉलेजात ममी यांच्या हाताखाली खेळलेले डेना हॉलगरसन २००८ मध्ये ह्यूस्टनला प्रशिक्षक म्हणून आले. पद्धत अशी, की रिसीव्हर मैदानाच्या रुंदीभर पसरून उभे करायचे, म्हणजे समोरच्यांनाही पांगावं लागतं आणि मध्ये मोकळ्या जागा तयार होतात. डाव शंभर प्रकारचे शिकवायचे नाहीत. मोजकेच, पण ते झोपेतसुद्धा चुकणार नाहीत इतके घोटायचे. रिसीव्हरनं अजून वळून बघितलेलंही नसतं, तेवढ्यात चेंडू हातातून सुटलेला असतो. तो वळतो, आणि चेंडू समोर हजर!

कीनम यात रमला. २००८ मध्ये ५,०२० यार्ड, २००९ मध्ये ५,६७१. त्या वर्षी देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या ओक्लाहोमा स्टेटला त्यांच्याच मैदानावर ह्यूस्टननं हरवलं. २०१० हे शेवटचं वर्ष, त्यात सगळे जुने विक्रम मोडणार, असं जो तो म्हणू लागला.

१८ सप्टेंबर २०१०. कॅलिफोर्नियातलं रोझ बोल मैदान, समोर यूसीएलए विद्यापीठाचा संघ. कीनमचा एक पास समोरच्यांनी झेलला. झेलणाऱ्याला अडवायला कीनम स्वतः धावला आणि त्यातच त्याचा तोल गेला, गुडघा पिळवटला. आपल्या गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना बांधून ठेवणारा एक चिवट पट्टा असतो. नडगीचं हाड पुढे सरकू नये म्हणून तो असतो. कीनमचा तोच फाटला.

त्वचा कापली तर भरते, हाड मोडलं तर सांधतं. हा पट्टा मात्र एकदा पुरता फाटला की आपला आपण जुळत नाही. त्याला रक्ताचा पुरवठा कमी, आणि सांध्यातल्या द्रवात त्याची फाटलेली टोकं एकमेकांना धरू शकत नाहीत. डॉक्टर मग नवा पट्टा बसवतात. बहुतेकदा त्याच माणसाच्या गुडघ्याच्या वाटीजवळून किंवा मांडीच्या मागून स्नायूबंधाची एक पट्टी काढून तिथे ओवतात. आणि आता खरं नवल ऐका. पुढच्या काही महिन्यांत शरीर त्या उसन्या पट्टीत नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी पाठवतं आणि तिला हळूहळू मूळ पट्ट्यासारखी करून घेतं! पण याला वेळ लागतो, सहा ते नऊ महिने, कधी जास्तही. तोवर रोज व्यायाम. आधी पाय सरळ करणं, मग वाकवणं, मग चालणं, मग धावणं.

कॉलेजच्या खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात, असा तेव्हाचा नियम. कीनमची पाच वर्षं संपली होती. २००६ चं पहिलं वर्ष त्यानं न खेळता बाहेर बसून काढलं होतं, आणि आता हे वर्ष दुखापतीनं खाल्लं. विद्यापीठानं अर्ज केला. २०११ च्या जानेवारीत उत्तर आलं: सहावं वर्ष मंजूर.

आता त्या धावणाऱ्याला भेटा. पॅट्रिक एडवर्ड्स. टेक्सासातल्या हर्न या छोट्या गावचा. तो शिष्यवृत्तीशिवायच ह्यूस्टनच्या संघात आला होता. २००८ मध्ये परक्या मैदानावर उंच आलेला एक चेंडू पकडायला तो मैदानाच्या टोकापलीकडे धावत गेला. तिथे बँडचं सामान वाहणारी लोखंडी गाडी उभी होती. तो तिच्यावर आदळला आणि त्याच्या पायाचं हाड मोडून बाहेर आलं. पुढच्या हंगामात एडवर्ड्स पुन्हा धावत होता. म्हणजे २०११ मध्ये एक शिवलेला गुडघा चेंडू फेकत होता आणि एक सांधलेला पाय तो झेलायला पळत होता.

२७ ऑक्टोबर २०११ ची रात्र. समोर त्याच शहरातलं राइस विद्यापीठ. कीनमनं त्या सामन्यात टचडाऊनचे ९ पास दिले. नऊ! त्यांतले ५ एकट्या एडवर्ड्सनं झेलले, ३१८ यार्डांची कमाई केली. ह्यूस्टन ७३-३४ नं जिंकलं. टेक्सास टेकच्या ग्रॅहम हॅरलचा कारकिर्दीतल्या १३४ टचडाऊन पासचा विक्रम त्या रात्री मागे पडला. (एका सामन्यातल्या टचडाऊन पासचा विक्रम मात्र ११ चा. तो १९९० साली डेव्हिड क्लिंगलरनं केला, आणि तोही ह्यूस्टनचाच!) पुढच्याच सामन्यात, ५ नोव्हेंबरला, हवाईच्या टिमी चँगचा १७,०७२ यार्डांचा विक्रमही कीनमनं ओलांडला.

ह्यूस्टननं ओळीनं १२ सामने जिंकले. तेरावा, गटाच्या विजेतेपदाचा, सदर्न मिसिसिपीविरुद्ध घरच्याच मैदानावर हरले, २८-४९. फार वाईट वाटलं असणार. पण हंगाम अजून संपला नव्हता. २ जानेवारी २०१२ ला डॅलसमध्ये पेन स्टेटविरुद्धचा सामना त्यांनी ३०-१४ नं जिंकला, आणि त्या शेवटच्या दिवशी कीनमचे ५३२ यार्ड झाले. त्या हंगामात ५,६३१ यार्ड, ४८ टचडाऊन पास, आणि समोरच्यांच्या हाती गेलेले पास फक्त ५. तीन वेगवेगळ्या हंगामांत पाच हजारांचा टप्पा ओलांडणारा तो वरच्या गटातला पहिला खेळाडू. सगळी कारकीर्द धरली तर २,२२९ फेकींपैकी १,५४६ झेलल्या गेल्या. दहातल्या जवळजवळ सात! जिथे कुणीच नाही अशा जागी टाकलेले चेंडू हे, आणि दहातल्या सात वेळा तिथे आपला माणूस पोचलेला.

त्यानंतर व्यावसायिक संघांनी नव्या खेळाडूंची निवड केली. २०१२ मध्ये २५३ खेळाडू निवडले गेले. त्यांत केस कीनम नव्हता. पुन्हा तीच उंची, पुन्हा तोच हात. ह्यूस्टनच्याच व्यावसायिक संघानं त्याला सरावापुरतं घेतलं, आणि तिथून तो एका संघातून दुसऱ्या संघात, बहुतेकदा दुसऱ्याची जागा भरायला, जात राहिला.

१४ जानेवारी २०१८ ला तो मिनेसोटा व्हायकिंग्जकडून बाद फेरीचा सामना खेळत होता. संघ एका गुणानं मागे. घड्याळात उरले होते १० सेकंद, आणि टचडाऊनसाठी मैदान उरलं होतं ६१ यार्ड. कीनमनं चेंडू उजव्या कडेला उंच टाकला. स्टेफॉन डिग्जनं उडी मारून तो झेलला, त्याला पाडायला आलेला गडी खालून निसटून गेला, डिग्जनं हात टेकून तोल सावरला आणि सरळ शेवटपर्यंत पळत सुटला. वेळ संपली आणि टचडाऊन झालं! व्यावसायिक लीगच्या बाद फेरीत ठरलेल्या वेळेच्या अगदी शेवटच्या डावात टचडाऊननं सामना संपण्याची ती पहिलीच वेळ. अमेरिकेत त्याला आजही 'मिनियापोलिसचा चमत्कार' म्हणतात. त्या ६१ यार्डांतलेही निम्म्याहून जास्त डिग्ज पळाला होता, हे विसरू नका.

कॉलेजातल्या १९,२१७ यार्डांचं पुढे काय झालं? डिलन गॅब्रिएल नावाचा क्वार्टरबॅक तीन विद्यापीठांकडून सहा हंगाम खेळला आणि कीनमच्या फार जवळ पोचला. टचडाऊन पासच्या बाबतीत त्यानं कीनमला गाठलंच, दोघांचेही १५५. यार्डांमध्ये मात्र २०२४ चा हंगाम संपला तेव्हा गॅब्रिएल १८,७२२ वर थांबला होता. ४९५ कमी पडले.